थेंबांतून घडणारे कण

बुंदी पाडताना आपण पाहिले असेल. डाळीच्या पिठाचे पातळ मिश्रण झाऱ्यावर ओतले की त्याचे थेंब तापलेल्या तुपात पडतात आणि घट्ट होतात. आधी थेंब, मग कण! याच क्रमाने बहुवारिकाचे, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचे, अतिसूक्ष्म कणही घडवतात.

एका द्रवाचे बारीक थेंब त्यात न मिसळणाऱ्या दुसऱ्या द्रवात विखुरले की पायस तयार होते. दूध हे पायसच आहे. या विषयाचा वाराणसीशी जुना संबंध आहे. लंडनमध्ये पायसांवर संशोधन केलेले शांतिस्वरूप भटनागर १९२१ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या विद्यापीठाचे कुलगीतही त्यांचेच.

द्रव घुसळून पायस करता येते. पण त्यातील थेंब लहानमोठे होतात. कणात औषध भरायचे असेल, तर हा दोष गंभीर ठरतो. कणाचा व्यास दुप्पट झाला की त्याचे आकारमान आठपट होते. साहजिकच त्यात औषधही आठपट मावते. लहान कणातून औषध लवकर बाहेर पडते, तर फार मोठा कण इंजेक्शनच्या सुईत अडकू शकतो.

यावर उपाय म्हणजे एकेक थेंब मोजून पाडणे. काचेच्या किंवा सिलिकॉन रबराच्या छोट्या पट्टीत केसाएवढ्या रुंदीच्या नलिका कोरलेल्या असतात. मधल्या नलिकेतून बहुवारिक बनवणारा तेलकट द्रव येतो, तर दोन्ही बाजूंनी साबणासारखा पदार्थ मिसळलेले पाणी येते. अरुंद जागी पाणी त्या द्रवाची धार चिमटते आणि तिचे सारखे थेंब तुटत जातात. साबणासारखा पदार्थ त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. पुढे अतिनील प्रकाश पडताच द्रवातील रेणू परस्परांशी जोडले जातात आणि थेंबाचा घन कण होतो. नलिकेची रुंदी आणि दोन्ही द्रवांचा वेग यांवर कणाचा आकार ठरतो.

एका पट्टीतून सेकंदाला हजारो थेंब पडू शकतात, तरीही कणांचे एकूण वजन अल्पच भरते. म्हणून मोठ्या उत्पादनासाठी अनेक नलिका शेजारीशेजारी चालवाव्या लागतात आणि त्या सर्वांत द्रवांचा वेग समान राखावा लागतो. झारा मोठा झाला, तरी बुंदीचा दाणा सारखाच पडला पाहिजे!

पाठगत प्रश्न
१. पायस म्हणजे काय? घरातील एक उदाहरण द्या.
२. औषधाचे कण सारख्या आकाराचे का असावेत?
३. बुंदी आणि बहुवारिकाचे कण घट्ट होण्याच्या क्रियांत कोणता फरक आहे?