पाहुणा नागपुरात आला, तर आपण काय वाढणार?



डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं, तेव्हा मुंबई-पुण्याकडची पुष्कळ माणसं इथं येतात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात. पेंच-ताडोब्याला जाणारे प्रवासीही बहुतेक नागपुरातच उतरतात. सगळ्यांचा एक प्रश्न ठरलेला: "इथलं खास काय खायचं?" उत्तर आपल्या चुलीवर आहे, पण प्रदर्शनात आपण मांडतो मंचुरियन.

यात माझीही चूक आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गटानं विचारलं, "ताई, स्टॉलवर काय ठेवायचं?" मी सांगितलं, चायनीज ठेवा, लगेच खपतं. शेजारच्या चार स्टॉलवरही तेच होतं. संध्याकाळी अर्धं पातेलं उरलं. दुपारी आमच्या मावशी स्टॉलमागे बसून घरून आणलेला वडाभात खात होत्या. पुण्याच्या एका पाहुण्यानं डोकावून विचारलं, "हे विकायला आहे का?" मावशी म्हणाल्या, "नाही बाप्पा, हे आमचं घरचं होय." गिऱ्हाईक निघून गेलं आणि मी तिथंच उभी होते.

म्हणून हा धडा वडाभातापासूनच सुरू करते. हरभरा, तूर, उडीद, मूग अशा मिश्र डाळी भिजवून जाडसर वाटायच्या आणि वडे तळायचे. गरम भातावर वडा कुस्करून वरून हिंग, मोहरी, लाल मिरचीची फोडणी. बाजूला कढी. तुम्हाला यात नवीन काही वाटणार नाही, पण पाहुण्यानं भातावर फोडणीचं तेल घेऊन खाल्लेलं नसतं. त्याच्यासमोर फोडणी ओता. तो चर्र आवाज आणि हिंगाचा वास आला की पाटी लावायची गरज नाही.

गोळाभात याचीच बहीण. त्यात बेसनाचे गोळे शिजत आलेल्या भातावर ठेवून वाफवतात. पीठ भरडच घ्या. बारीक पिठाचे गोळे घट्ट बसतात आणि घशाखाली उतरत नाहीत.

सकाळचा स्टॉल असेल तर तर्री-पोहे. इथं तिखटाचा प्रश्न येतो. आपल्या जिल्ह्यातल्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. रंग सुंदर, पण जोर नवख्याला सोसत नाही. एका ताईंनी मला विचारलं, "मंग काय, तिखट कमी करून नागपूरचं नाव घालवायचं?" तसं नाही. चण्याचा रस्सा मध्यम ठेवा आणि वरची लाल तर्री वेगळ्या भांड्यात काढा. गिऱ्हाईकाला विचारून वाढा. तर्री चांगली सुटायला मसाला तेलात मंद परतायचा आणि पाणी घालायचं ते उकळतंच. थंड पाणी घालू नका.

पाटवडी-रस्सा शाकाहारी पाहुण्याला नक्की द्या. फक्त वड्या रश्श्यात टाकून उकळत ठेवू नका, फुटतात. वाढतानाच घाला. सावजी रस्सा मात्र कुणी मागितला तर खरं सांगा. सावजी हे हलबा कोष्टी या विणकर समाजाचं जेवण. जुन्या पद्धतीत ते जवसाच्या तेलात होतं आणि मसाल्याचं प्रमाण घराघरात वेगळं. आपल्या गटात ते येणारी ताई असेल तर तिच्या हातचं ठेवा. नसेल तर नुसता काळा मसाला घालून 'सावजी' अशी पाटी लावू नका. इथला जाणकार पहिल्या घासाला ओळखतो.

सांभारवडीची गंमत वेगळीच. आपण कोथिंबिरीला सांभार म्हणतो. मुंबईचा माणूस मात्र सांबारात बुडवलेला वडा येईल म्हणून थांबतो! पाटीवर खाली 'कोथिंबिरीची वडी' लिहा. सारणातली खसखस महाग आहे. ती कमी करून तीळ वाढवायला हरकत नाही, पण सांभार कमी करू नका.

लांब पोळी पालथ्या मडक्यावर करणाऱ्या ताई गटात असतील तर त्यांना स्टॉलच्या मागे नव्हे, पुढे बसवा. हातावर पोळी लांबत जाते ते बघायलाच गर्दी होते. त्यांच्यासोबत पीठ मळायला दुसरी बाई हवीच, एकटीचे हात भरून येतात.

आता भावाचं. समजा 50 ताटांना सामान, गॅस, गाडीभाडं मिळून 3000 रुपये लागले. म्हणजे ताट आपल्यालाच 60 रुपयांना पडलं, आणि यात तुमची मजुरी अजून धरलीच नाही. तरी बऱ्याच ताई 60 लाच विकतात, "आपलंच तर आहे, पैसे कायले जास्त घ्यायचे" म्हणून. पहाटे चारला उठून डाळ वाटली, ती मजुरीच आहे. दोघींचा दिवस 400 रुपयांप्रमाणे धरला तर ताटामागे 16 रुपये वाढतात, ते धरल्यावरच नफा सुरू होतो.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक गटानं एक पदार्थ ठरवून यावं आणि त्याचं माप वहीत लिहून आणावं. 'अंदाजानं' असं लिहू नका. किती वाट्या, किती चमचे, किती ताटं झाली, ते लिहा. बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं तरी चालेल. वडाभात कुणी घेतला नसेल, तर त्या मावशींना मी स्वतः विचारणार आहे.