दोन किलोमीटर जास्त, पण निवांत : सायकल आणि परिसर अभ्यास



"सर, सायकल मिळाली, पण पप्पा रोडवर जाऊ देत नाहीत."

सातवी पास होऊन दुसऱ्या गावच्या शाळेत गेलेल्या एका मुलीचं हे वाक्य. आपल्याकडे लातूर-नांदेडच्या कितीतरी खेड्यांत हीच गोष्ट आहे. गावात शाळा सातवीपर्यंत, आठवीसाठी शेजारच्या मोठ्या गावाला जायचं. मानव विकास कार्यक्रमात निवडक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. पण या मुलीची सायकल ओसरीत उभी होती. शाळा पाच किलोमीटरवर आणि मधे मोठा रोड. चुलत्याची मोटारसायकल मोकळी असेल त्या दिवशी शाळा, नाहीतर घर.

वडिलांचं काही चुकत नव्हतं. उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांना ओव्हरटेक करणाऱ्या जीपा, वरून ट्रक. त्यात लेकराला कोण सोडेल?

मग एका रविवारी आम्ही मोबाईलवर नकाशा उघडला. वडील, मुलगी आणि मी. मधल्या वाडीवरून जाणारा एक डांबरी रस्ता दिसला. अंतर सात किलोमीटर. तिघांनी तो सायकलवर करून पाहिला. रस्त्यात भेटलं काय, तर एक बैलगाडी, तीन मोटारसायकली आणि दुधाच्या किटल्या नेणारा एक माणूस. सोमवारपासून मुलगी सायकलवर जायला लागली, वाडीतल्या दोन मैत्रिणी सोबत घेऊन.

त्या दिवशी मला एक गोष्ट पटली. सायकल देणं हे अर्धं काम. निवांत रस्ता शोधायला शिकवणं हे उरलेलं अर्धं, आणि ते आपलं, शिक्षक-पालकांचं काम आहे. शिवाय त्या रस्त्यावर परिसर अभ्यासाचं सगळं पुस्तक उघडं पडलेलं असतं.

१) आधी रस्ता ओळखायला शिकवा

रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड मुलांना दाखवा. वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. तुळजापूर-औसा-लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड हा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. तिथे दगडाचं डोकं पिवळं. सायकलसाठी आपल्याला हवा तो नारिंगी दगड. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली. त्यानंतर खेड्यापाड्यांना जोडणारे असे अरुंद डांबरी रस्ते खूप झाले. त्यांची रुंदी बहुधा तीन ते पावणेचार मीटर असते. मुलांकडून टेपने मोजून घ्या, लांबीमापनाचा पाठ तिथेच होतो.

त्याच्याही खाली आपले शिवरस्ते, पाणंद रस्ते, गाडीवाटा. ते गाव नकाशावर पाहायला मिळतात. तलाठी भाऊसाहेबांना विनंती करून एकदा वर्गाला नकाशा दाखवा. आपलं शेत, ओढा, शेजारच्या गावाची शीव हे कागदावर सापडलं की मुलं नकाशाला घाबरत नाहीत.

२) चढ-उतार पायांना कळतो

पुस्तकात "बालाघाटचे पठार" असं एक वाक्य असतं. मुलं ते पाठ करतात. सायकलवर बसली की पठार म्हणजे काय हे मांड्यांना कळतं! लातूर शहर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरपेक्षा उंच आहे, तर गोदावरीकाठचं नांदेड ४०० मीटरपेक्षा खाली. म्हणजे लातूरहून नांदेडला निघालेली सायकल मधले चढ-उतार धरूनही शेवटी दोनशेहून जास्त मीटर खाली उतरते.

गाडीत बसून हे जाणवत नाही. सायकलवर मात्र जिथे पाय मारायचे थांबवले तरी चाक पळतं, तिथे मुलांना थांबवा आणि विचारा, "इथे पाऊस पडला तर पाणी कुठे जाईल?" उत्तर बरोबर येतं. मग ओढ्यावरून नदीकडे या. मांजरा बीड जिल्ह्यात उगम पावते, लातूर जिल्ह्यातून वाहते, कर्नाटक आणि तेलंगणात जाते आणि नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर कुंडलवाडीच्या बाजूला गोदावरीला मिळते. आपल्या शाळेमागचा ओढा हा या मोठ्या नदीचाच भाग, हे मुलाला त्या उतारावर उभं राहून समजतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्याची आठवण इथेच सांगा.

३) शिवार वाचा, महिन्याप्रमाणे

एकच रस्ता वर्षातून चार वेळा करा.

* जुलै-ऑगस्ट : सोयाबीन, मूग, उडीद, तूर. तुरीच्या ओळी सोयाबीनमध्ये का, हे शेतकऱ्यालाच विचारा. उत्तर वहीत लिहून घ्या.
* ऑक्टोबर : सोयाबीनच्या राशी. काही ठिकाणी रस्त्यावरच माल वाळत घातलेला असतो. खाली उतरून सायकल कडेने हातात धरून न्यायची. कुणाच्या धान्यावरून चाक घालायचं नाही.
* डिसेंबर-जानेवारी : हरभरा, ज्वारी, करडई. वेळ अमावस्येला मात्र हे रस्ते निवांत नसतात. अख्खं गाव शेतात भज्जी-अंबील खायला निघालेलं असतं. त्या दिवशी सायकल नको, जेवायलाच जा!
* फेब्रुवारी-मार्च : पानगळ आणि पळस. तूर निघालेली रानं मोकळी दिसतात.

काळ्या मातीचा पाठही इथलाच. ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगा पडतात. म्हणून आपल्याकडच्या रस्त्यांच्या कडा खचतात. पावसात गाडीवाटेने गेलात तर चिखल मडगार्डमध्ये असा बसतो की चाक फिरतच नाही. एकदा अनुभव घेतला की मूल "मातीचे गुणधर्म" विसरत नाही.

जनावरंही पाहायला लावा. तांबड्या रंगाची लाल कंधारी आणि पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली देवणी, हे दोन्ही गोवंश आपल्याच दोन जिल्ह्यांतले, कंधार आणि देवणी या गावांच्या नावाने देशभर ओळखले जाणारे. रस्त्याने दिसलेल्या जनावरांची नोंद आणि स्तंभालेख असा उपक्रम पाचवीपासून जमतो.

४) गणित

ताशी १२ किलोमीटर वेगाने ५ किलोमीटरला २५ मिनिटं लागतात, ७ किलोमीटरला ३५. फरक दहा मिनिटांचा. हे उदाहरण फळ्यावर सोडवून घ्या आणि मग विचारा, "दहा मिनिटं वाचवायची की निवांत जायचं?" ही चर्चा मुलांनी घरी नेली पाहिजे, कारण निर्णय तिथे होतो.

५) नियम, यात सूट नाही

निवांत रस्ता म्हणजे निर्धास्त रस्ता नव्हे. वर्दळ नसते म्हणून मोटारसायकलवाले वळणावर जोरात येतात.

* डाव्या बाजूने, एकामागे एक. गप्पा थांबल्यावर.
* निघण्याआधी ब्रेक, चेन, हवा आणि घंटी तपासायची.
* मोठा रोड ओलांडायचा तर उतरून, दोन्हीकडे बघून, सायकल हातात धरून.
* कुत्रं मागे लागलं तर पळवायची नाही. उतरायचं, सायकल मधे धरायची, शांत उभं राहायचं.
* बाभळीचे काटे, सराटे असतातच. पंक्चर काढायचं सामान आणि पंप गटात एक तरी हवा. पंक्चर मुलामुलींनी स्वतः काढायला शिकायचं.
* सकाळी लवकर निघा, ऊन चढायच्या आत परत. पाणी प्रत्येकाजवळ.
* पुलावरून पाणी वाहत असेल तर मागे फिरा, मग कितीही थोडं दिसो.

शाळेची सहल म्हणून नेत असाल तर मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांचं संमतिपत्र घ्या. पुढे एक मोठं माणूस, मागे एक.

६) कुठे जाता येईल?

मोठ्या मुलांसाठी उदगीरजवळचं हत्तीबेट चांगलं. टेकडी, कोरलेल्या लेण्या आणि रझाकारांविरुद्धच्या लढ्याच्या आठवणी, सगळं एका जागी. १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आसपास हा पाठ घ्यावा. औसा-निलंगा भागातल्यांना खरोशाची लेणी आहेत. कंधार तालुक्यातल्या शाळांना कंधारचा भुईकोट किल्ला, त्याचा खंदक आणि राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग तलाव. पण सुरुवात लांबून करू नका. शेजारच्या वाडीपर्यंत जाऊन या, तेवढं पुरे.

युरोपात भूमध्य समुद्राकाठी ऑलिव्ह आणि द्राक्षांच्या मळ्यांतून जाणाऱ्या अशाच सुनसान रस्त्यांवर सायकल चालवायला दुरून लोक येतात. स्पेनमध्ये तर बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे सायकलरस्ते करण्याचं काम १९९३ पासून चालू आहे. आपल्याकडे वेगळे सायकलरस्ते नाहीत, पण वाड्यावस्त्यांना जोडणारे रस्ते तर आहेत! आपण त्यांना "आडरस्ता" म्हणून बाजूला टाकलंय एवढंच.

पालकांना शेवटचं

मुलगी सायकलवर जाते म्हटलं की काळजी वाटणारच. ती दाबून टाकू नका, कामाला लावा. एका रविवारी तिच्यासोबत तो रस्ता करून बघा. कुठे वळण आंधळं आहे, कुठे वस्ती आहे, कुणाच्या आखाड्यावर हाक मारली तर माणूस भेटेल, हे तिला दाखवा. वस्तीवरच्या माणसांशी तिची ओळख करून द्या. दोन दिवसांत तेच विचारायला लागतील, "कुठं निघालाव गं लेकींनो, आज उशीर झाला का?" ही ओळख म्हणजे त्या रस्त्यावरचा आपला राखणदार.

ती मुलगी आता दहावीत आहे. सायकलचं मागचं टायर दोनदा बदललं. गेल्या वर्षी वडील म्हणाले, "सर, धाकटीलाही तोच रस्ता दाखवलाय."