आलुबुखाराचा जॅम व त्यामागील शास्त्र

मृगाचा पाऊस पडून आंब्याचा हंगाम सरूं लागला, कीं पुण्यामुंबईच्या बाजारांत तांबड्या-जांभळ्या आलुबुखारांच्या पेट्या दिसूं लागतात. हें फळ हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथील थंड डोंगराळ भागांतून येतें. ज्या फळाच्या मध्यभागीं बीं असून त्याभोंवतीं लांकडासारखें कठीण कवच असतें, त्यास वनस्पतिशास्त्रांत अश्मगर्भी फळ म्हणतात. आलुबुखार, पीच, जर्दाळू व चेरी हीं सर्व या वर्गांतील होत. इतकेंच नव्हे, तर आपला आंबाहि याच वर्गांत मोडतो. तेव्हां ज्या घरांत कैरीचा मुरंबा होतो, त्या घरास हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. आलुबुखाराचा जॅम घरीं कसा करावा व बरणींत हवाबंद कसा करावा, हें आम्ही येथें सांगणार आहों. परंतु प्रत्येक कृतीमागें कारण कोणतें, हें वाचकांच्या ध्यानांत आणून देणें हा आमचा मुख्य हेतु आहे. त्या कारणांकडे दुर्लक्ष केल्याचा परिणाम आम्हीं स्वतः पाहिला आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गानें बारा बरण्या जॅम केला. खर्च वांचावा म्हणून आम्हीं साखर निम्मीच घालावयास सांगितली, आणि कांच तडकेल या भीतीनें जॅम पूर्ण निवल्यावर बरण्या भरविल्या. दिवस पावसाळ्याचे, तीन आठवड्यांच्या आंत सात बरण्यांवर करड्या बुरशीचा थर चढला. "बाई, वरचा थर काढून टाकला तर खालचा चालेल ना?" असें एका मुलीनें विचारलें. इतकीं फळें वायां जावयाचीं हें आमच्यानें पाहवेना. आम्हीं "चालेल" म्हणून सांगितलें, आणि मुलींनीं त्या बरण्या घरीं नेल्या. कोणास अपाय झाला नाहीं हें सुदैव. परंतु आमचें उत्तर चुकीचें होतें. तें कां चुकीचें होतें, हें पुढील विवेचनावरून कळून येईल.

अन्न हवाबंद करून टिकविण्याची विद्या तिच्या शास्त्राच्या आधीं जन्मली. निकोला आपेर या फ्रेंच मिठाईवाल्यानें अन्न कांचेच्या बाटल्यांत भरून, बुचें घट्ट बसवून, त्या बाटल्या उकळत्या पाण्यांत ठेवण्याची रीत शोधून काढली. १८१० सालीं फ्रेंच सरकारनें त्यास १२,००० फ्रँकचें बक्षीस दिलें. या रीतीनें अन्न टिकतें हें आपेरला ठाऊक होतें; कां टिकतें, हें मात्र ठाऊक नव्हतें. सूक्ष्म जंतूंमुळें अन्न नासतें, ही गोष्ट लुई पाश्चरच्या प्रयोगांनीं सिद्ध होण्यास पुढें सुमारें अर्धें शतक लागलें.

जॅमचें रक्षण चार गोष्टी करितात. उष्णतेनें बुरशी, किण्व व बहुतेक जंतु मरतात. आम्लतेमुळें जे उकळूनहि मरत नाहींत, ते वाढूं शकत नाहींत. साखर फळांतील पाणी आपणाकडे बांधून ठेविते व जंतूंस तें मिळूं देत नाहीं. शेवटीं, घट्ट झांकणामुळें बाहेरील बुरशीचे बीजाणु आंत शिरत नाहींत. आमच्या वर्गानें निम्मी साखर घालून तिसरा रक्षक दुबळा केला. आणि गार जॅम तसाच भरून पहिल्या व चौथ्यासहि निरोप दिला.

आतां कृति. सुमारें १.८ किलोग्रॅम आलुबुखार, १.२ किलोग्रॅम साखर, ३५० मिलिलिटर पाणी व ६० मिलिलिटर लिंबाचा रस घ्यावा. फळें आंबटगोड व टणक असावींत; चौथा हिस्सा किंचित् कच्चीं असल्यास उत्तम. जॅम घट्ट होतो तो पेक्टिन नांवाच्या द्रव्यामुळें, आणि तें फार पिकलेल्या फळांत कमी होत जातें. फळें धुऊन आठळ्या काढाव्या व फोडी कराव्या. सालें काढूं नयेत. रंग व पेक्टिन त्यांत पुष्कळ असतें. आठळीच्या आंतील कडू बीं सुवासासाठीं घालण्याचा मोह टाळावा, कारण त्यापासून पोटांत सायनाइड हें विष उत्पन्न होतें.

पातेलें स्टेनलेस स्टीलचें, रुंद व खोल असावें. कल्हई गेलेलें पितळेचें भांडें आंबट पदार्थास वर्ज्य समजावें. सर्व जिन्नस एकत्र करून साखर विरघळेपर्यंत मंद आंचेवर ढवळावें. नंतर आंच वाढवून, तळाशीं लागूं न देतां, भराभर शिजवावें. पाणी ज्या अंशावर उकळतें त्याहून जॅमचें उष्णतामान सुमारें ५ अंश सेल्सिअस वर गेलें, म्हणजे तो तयार झाला. उष्णतामापक नसल्यास थंड केलेल्या बशीवर एक थेंब टाकावा व पातेलें तेवढा वेळ खालीं उतरावें. थेंब निवल्यावर बोटानें सारतांच त्यावर सुरकुती पडली पाहिजे.

बरण्या साबणानें धुऊन गरम पाण्यांत ठेवाव्या. गरम बरणींत गरम जॅम भरल्यास कांच तडकत नाहीं. आमची भीति दूर करण्याचा उपाय इतका सोपा होता! वर सुमारें ६ मिलिमीटर जागा सोडावी, बरणीची कड स्वच्छ पुसावी आणि नवें झांकण बेतानें आवळावें. मग बरण्या उकळत्या पाण्यांत १० मिनिटें ठेवाव्या. पाणी झांकणांच्या वर दोन-तीन सेंटिमीटर असावें. उंच जागीं पाणी कमी उष्णतेवर उकळतें. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३५० मीटर उंच असल्यानें तेथें ९५ ते ९६ अंशांवरच उकळी येते. म्हणून ३०० मीटरपेक्षां उंच गांवीं आणखी ५ मिनिटें, व १,८०० मीटरपेक्षां उंच ठिकाणीं १० मिनिटें अधिक द्यावीं. बाहेर काढलेल्या बरण्या एक दिवस हलवूं नयेत. दुसऱ्या दिवशीं झांकणाचा मध्य दाबून पाहावा. तो खालीं-वर होत असल्यास बरणी बंद झाली नाहीं असें समजून ती शीतकपाटांत ठेवावी व लौकर संपवावी.

हीच कृति दुसऱ्या फळांस जशीच्या तशी लावूं नये. आम्लता मोजण्याच्या सामू या मापांत आंकडा जितका लहान, तितकी आम्लता अधिक. ४.६ हून अधिक सामूच्या अन्नांत, बंद बरणीच्या आंत, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नांवाचा जंतु प्राणघातक विष तयार करूं शकतो. त्याचे बीजाणु नुसत्या उकळीनें मरत नाहींत. आलुबुखार आंबट असल्यामुळें सुरक्षित आहे. परंतु पांढऱ्या गराचे पीच व अति पिकलेले आंबे या मर्यादेपलीकडे जाऊं शकतात.

आतां त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळूं. बुरशी डोळ्यांस वरच दिसते, परंतु तिचे तंतु व तिनें निर्माण केलेलीं विषारी द्रव्यें खालीं उतरलेलीं असूं शकतात. शिवाय बुरशी फळांतील आम्ल खाऊन टाकिते, आणि अशा रीतीनें दुसऱ्या रक्षकाचेंहि बळ हरण करून अधिक घातक जंतूंस वाट मोकळी करून देते. यास्तव खरें उत्तर, "नाहीं, सगळी बरणी टाकून द्यावी," हेंच होय. चूक ध्यानांत आल्यावर आम्हीं तें वर्गापुढें सांगितलें, आणि उरलेल्या बरण्या परत मागवून रिकाम्या केल्या. त्या मुलीस त्याचें फार वाईट वाटलें; फळें तिनेंच निवडलीं होतीं.

पुढील वर्षीं त्याच मुलीनें साखर तराजूंत स्वतः तोलली व घड्याळ समोर ठेवून मिनिटें मोजलीं. प्रत्येक बरणीवर तिनें तारीख लिहिली, कारण एक वर्षाच्या आंत जॅम संपवावा हें आम्हीं सांगितलें होतें. त्या वर्षींचा जॅम नाताळपर्यंत जसाच्या तसा राहिला. आमच्या वाचकांनींहि प्रथम थोडीं फळें घेऊन हा प्रयोग करून पाहावा, आणि साखर किंवा वेळ कमी करण्याचा मोह झाल्यास आमच्या सात बरण्यांची आठवण ठेवावी.