बुजऱ्या मुलीचा वाद्यवृंद

"गळा गोड आहे हो, पण पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसते. गाण्यात हिचं कसं व्हायचं?" गाणाऱ्या मुलींच्या आयांचा हा नेहमीचा प्रश्न. वडिलांचा प्रश्न वेगळा असतो: यात पोट भरतं का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींना उत्तरं आहेत. मात्र बुजरेपणा हा दोष समजून मुलीला आधी भाषणाच्या शिबिरात धाडायचं आणि मग गाण्याचं बघायचं, हा क्रम मला साफ चुकीचा वाटतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या उपनगरांत दर नवरात्रात ऐकू येतं. फाल्गुनी पाठक मुंबईतल्या गुजराती घरातल्या. त्यांचा स्वभाव मोजकं बोलण्याचा आणि पेहराव शर्ट-पॅंटचा. घागरे-चोळ्यांच्या समुद्रासमोर त्या तशाच उभ्या राहतात. 1998 मध्ये 'याद पिया की आने लगी' या अल्बमने त्यांचं नाव घरोघरी पोहोचवलं, पण त्यांचा खरा पाया मैदानातला आहे. बोरिवली, घाटकोपरच्या मैदानांत हजारो माणसं तासन् तास नाचत असताना लय तुटू न देणं हे एकट्या गायिकेचं काम नाही. त्यासाठी 'ता थैया' हा त्यांचा स्वतःचा बॅंड मागे उभा असतो. ढोल कधी चढवायचा, एका गरब्यातून दुसऱ्यात न थांबता कसं जायचं, दम खायला केव्हा उतरायचं, हे सगळं तालमीत पक्कं झालेलं असतं. बॅंडचं नेतृत्व ते हेच. त्यात भाषण जवळजवळ नसतंच.

आता मराठी उदाहरण. सुलोचना चव्हाण गिरगावातल्या. लावणी म्हटलं की हावभाव, नखरा असं आपण धरून चालतो, आणि ही बाई दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन मायक्रोफोनसमोर निश्चल उभी राहून लावणी गायची. नखरा होता तो सगळा शब्दफेकीत. पती श्यामराव चव्हाण यांनी ती शब्दफेक त्यांच्याकडून घोटून घेतली. ढोलकीवर मुलगा विजय चव्हाण असे. आचार्य अत्र्यांनी सुलोचनाबाईंना 'लावणीसम्राज्ञी' म्हटलं आणि 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. स्वभाव न बदलता, अंगावरचा पदर न ढळू देता हे झालं. ज्या आईला वाटतं की मुलीने आधी 'धीट' व्हायला हवं, तिने सुलोचनाबाईंचं एखादं जुनं चित्रीकरण मुलीबरोबर बसून बघावं.

शिवाय आपल्याकडे एक सोय आहे, तिचा फायदा फार थोड्या मुली घेतात. मराठी गाण्यांच्या कार्यक्रमात निवेदक असतो. गीतकार-संगीतकारांचे किस्से, वाद्यवादकांची ओळख, प्रेक्षकांशी गप्पा हे सारं तो सांभाळतो. बोलायला आवडणारा कॉलेजातला एखादा मित्र किंवा मैत्रीण पहिल्या दिवसापासून गटात घ्या. गायिकेने गावं.

मग बॅंडची प्रमुख म्हणून तिने काय शिकायचं? सर्वांत आधी आपली पट्टी, म्हणजे गळ्याला सोयीचा सा. बायकांचा गळा साधारण पेटीच्या काळी चार, काळी पाचच्या आसपास बसतो, पण प्रत्येकीने आपली स्वतः शोधायची. लताबाईंचं गाणं मूळ उंचीवर ओढून गाण्यापेक्षा एक-दोन स्वर खाली उतरवून भरदार गायलेलं बरं. तसं उतरवायचं तर कीबोर्ड आणि गिटारवाल्याला आधी सांगावं लागतं, कॉर्ड वहीत लिहून द्यावे लागतात. ही वही जिच्याकडे असते, तिच्याकडे वादक आपोआप बघायला लागतात. शांत मुली अशा वह्या फार नेटक्या ठेवतात. तालमीला वेळेवर येणं, तबलजीची चूक सर्वांसमोर न काढता नंतर बाजूला घेऊन सांगणं, साऊंडवाल्याशी नीट बोलून मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज मागून घेणं, यांतलं काहीही मोठ्या आवाजात करावं लागत नाही.

उदाहरणार्थ, मुंबईतल्या नाहूरच्या मुलीला सुरुवात करायला लांब जायला नको. हे भांडुप-मुलुंडच्या मधलं स्टेशन. भोवती भांडुपच्या चाळींतली कोकणी भजनी मंडळं, मुलुंडचे गरबे, टॉवरमधल्या सोसायट्यांची कोजागिरी आणि गणपती, आणि मुलुंडमध्ये कालिदास नाट्यगृह. भजनी मंडळात कोरस धरणं ही बुजऱ्या मुलीसाठी मला सर्वांत चांगली शाळा वाटते. तिथे एकटीकडे कुणी बघत नाही, पण लय आणि सूर सोडायची मुभाही नसते. वर्षभर कोरस, मग एक अभंग एकटीने, मग सोसायटीत तिघा वादकांसह अर्धा तास. कराओके ट्रॅक सरावापुरता ठीक आहे. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही, माणसं थांबतात, आणि थांबणाऱ्या माणसांबरोबर गायला शिकल्याशिवाय बॅंड होत नाही.

शिक्षणाचं थोडक्यात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत, पुढे अलंकार. शाळेत असतानाच यांतल्या काही दिल्या तर दहावीला सवलतीचे गुण मिळतात. पदवीसाठी मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आणि एसएनडीटी महिला विद्यापीठ आहेत. 2022 मध्ये राज्य सरकारने लता मंगेशकरांच्या नावाने संगीत महाविद्यालयही सुरू केलं. विशारद झालेली मुलगी शिकवण्या घेऊ शकते, आणि बॅंड उभा राहीपर्यंतच्या वर्षांत घर त्यावरच चालतं. म्हणून मी पालकांना सांगेन की परीक्षा सुटू देऊ नका.

आता पोटाचा प्रश्न. या धंद्यात कार्यक्रम घेण्याला 'सुपारी' म्हणतात आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या मानधनाला 'नाईट'. प्रमुखाने सुपारीची पूर्ण रक्कम हाती येण्याआधी वादकांची नाईट कबूल करायची असते, म्हणून आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय तारीख द्यायची नाही. हिशोब लिहून ठेवायचा: वादक, साऊंड, टेम्पो, जेवण, आणि उरलं ते आपलं. सुरुवातीला उरतं ते फार थोडं. उत्पन्नाला ऋतूही असतो. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, लग्नसराई यांत कमवायचं आणि पावसाळ्याच्या सुरुवातीचे कोरडे महिने त्यावर काढायचे. वडिलांनी विरोध करण्याऐवजी पहिली दोन वर्षं ही हिशोबाची वही सांभाळली, तर मुलीला याहून मोठी मदत नाही. स्वतःची गाणी रचत असेल तर गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घ्यावं. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गायकांनाही रॉयल्टीचा हक्क मिळाला आहे, त्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या करारावर न वाचता सही करू नये.

रात्रीच्या परतीची काळजी खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नये. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावे लागतात. बारापर्यंतची सवलत वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस असते. म्हणजे बहुतेक कार्यक्रम दहाला संपतात. पण सामान आवरून निघेपर्यंत अकरा वाजतात, आणि नाहूरला जलद गाडी थांबत नाही. तेव्हा सुपारी ठरवतानाच परतीच्या गाडीचे पैसे त्यात धरायचे आणि मुलींना घरापर्यंत सोडण्याची अट लिहून घ्यायची. चांगली मंडळं ही अट मान्य करतात. जी करत नाहीत त्यांची सुपारी सोडून द्यावी, रक्कम कितीही असो.

गणपतीचे कार्यक्रम ठरवायला मंडळं बरीच आधी बसतात. त्याआधी दहा गाण्यांची यादी पट्टीसकट तयार हवी, एका तालमीचं साधं मोबाइलवरचं चित्रीकरण हवं, आणि मंडळाच्या कार्यालयात बोलायला निवेदक मित्राला बरोबर न्यावं. पैशांचा आकडा मात्र मुलीने स्वतः सांगावा.