आवराआवर रस्टवर सोपवताना

सीमधून येते आहेस म्हणून आधी हे सांगते: इथे फ्री लिहायचं नाही. मूल्याचा मालक स्कोपबाहेर पडला की त्याचा ड्रॉप कंपायलरच बोलावतो. तो तू स्वतः बोलावायला गेलीस तर एरर येईल. लवकर सोडायचंच असेल तर लायब्ररीत ड्रॉप नावाचं साधं फंक्शन आहे, मूल्य त्याच्या हवाली कर. त्याचा सोर्स एकदा उघडून बघ. आत एकही ओळ नाही! मूल्य ताब्यात घ्यायचं आणि संपायचं, एवढंच त्याचं काम.

क्रम पाठ हवा. ब्लॉकमधली व्हेरिएबल्स उलट्या क्रमाने जातात, शेवटचं आधी. स्ट्रक्टची फील्ड्स मात्र लिहिलेल्या क्रमाने, वरून खाली. सी प्लस प्लसवाले इथेच फसतात, कारण त्यांच्याकडे फील्ड्सही उलटीच जातात. समज, एका स्ट्रक्टमध्ये डायनॅमिक लायब्ररीचं हँडल आहे आणि त्या लायब्ररीतून आणलेलं ऑब्जेक्टही आहे. ऑब्जेक्ट वर लिही, हँडल खाली. उलट लिहिलंस तर लायब्ररीचा कोड मेमरीतून उतरेल आणि मग ऑब्जेक्टचा ड्रॉप त्याच उतरलेल्या कोडला हाक मारेल. शेजारी कॉमेंटही टाक, नाहीतर कुणीतरी हौशी माणूस फील्ड्स अकारविल्हे लावून ठेवतो.

अंडरस्कोरशी जपून. लेटनंतर नुसता अंडरस्कोर लिहिलास तर मूल्य कुठेच बांधलं जात नाही. तात्पुरती डिरेक्टरी बनवणारं फंक्शन तसं बोलावलंस तर डिरेक्टरी त्याच ओळीवर बनते आणि त्याच ओळीवर पुसली जाते. पुढच्या ओळीला फाइल सापडत नाही आणि तू परवानग्या तपासत बसतेस. अंडरस्कोरला जोडून नाव दे, अंडरस्कोर-गार्ड म्हण हवं तर, मग ते स्कोपच्या शेवटपर्यंत टिकतं. स्टँडर्ड म्युटेक्सच्या लॉकला नुसता अंडरस्कोर लावलास तर आताचा कंपायलर अडवतो. आपण लिहिलेल्या गार्डला अडवत नाही.

याच्या उलटंही होतं. मॅचच्या डोक्यावरच लॉक घेतलास तर तो अख्खं मॅच संपेपर्यंत सुटत नाही, आणि एखाद्या शाखेत तोच लॉक पुन्हा मागितलास की प्रोग्राम लटकला. इफ-लेटच्या एल्समध्येही हेच व्हायचं. 2024 एडिशनमध्ये ते सुधारलं. आधी लॉकमधून हवं ते एका व्हेरिएबलमध्ये काढून घे, मग मॅच कर.

आता जे सगळ्यात महागात पडतं ते. ड्रॉप काहीच परत देत नाही, म्हणून त्याच्या आत झालेली चूक सांगायला जागाच नाही. बफरायटर ड्रॉप होताना उरलेला बफर लिहायचा प्रयत्न करतो, पण डिस्क भरलेली असली तर ती एरर गिळून टाकतो. फाइल अर्धवट, एक्झिट कोड मात्र शून्य, आणि रिपोर्टच्या शेवटच्या ओळी गायब. म्हणून फ्लश स्वतः बोलाव आणि पुढे प्रश्नचिन्ह लाव. डेटा खरोखर डिस्कवर पोचायलाच हवा असेल तर फाइलवर सिंक-ऑलही. ज्याचं फसणं कळायला हवं ते काम ड्रॉपवर टाकू नकोस. आणि ड्रॉपमध्ये पॅनिक तर नकोच. आधीच एक पॅनिक चालू असताना दुसरा बाहेर पडला की प्रोसेस तिथेच अबॉर्ट होते.

ड्रॉप होईलच याची हमीही नाही. आरसीचं वर्तुळ झालं की ती मूल्यं तशीच राहतात, आणि मेम-फरगेट तर अनसेफ न लिहिताही बोलावता येतं. 2015 मध्ये 1.0 च्या तोंडावर स्कोप्ड थ्रेड्स काढावे लागले ते यामुळेच, कारण त्यांची सुरक्षितता गार्डच्या ड्रॉपवर उभी होती. 2022 च्या 1.63 मध्ये ते क्लोजरच्या रूपात परत आले.

प्रोसेस-एक्झिटही कुणाचा ड्रॉप चालवत नाही. म्हणून खरं काम वेगळ्या फंक्शनमध्ये ठेव, मेनमधून एक्झिट-कोड रिटर्न कर, आणि कोड रिव्ह्यूला बसलीस की एक्झिट हा शब्द आधी शोध.