निद्रोपचाराचे शिक्षण

मनोविकाराने पीडित झालेल्या माणसाची झोप बहुधा बिघडलेली असते. कोणास अंथरुणावर पडूनही तासन्‌तास झोप लागत नाही, कोणाची झोप उत्तररात्री मोडते, तर कोणी पहाटे झोपी जाऊन दुपारी उठतो. हा बिघाड म्हणजे मूळ रोगाचे केवळ एक लक्षण होय. मूळ रोग हटला की तोही आपोआप हटेल, अशी वैद्यकातील जुनी समजूत होती. अलीकडच्या संशोधनाने ती मागे पडली आहे. नैराश्य ओसरल्यावरही निद्रानाश पुष्कळदा टिकून राहतो व ते नैराश्य पुन्हा उलटण्याचा धोका वाढवितो. यास्तव त्यावर स्वतंत्र उपचार करणे इष्ट ठरते. हा उपचार कोणता, आणि तो करणारी माणसे कशी तयार करावयाची, याचा विचार येथे केला आहे.

उपचाराचे स्वरूप

झोप दोन गोष्टींवर अवलंबून असते, असे झुरिच येथील शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये प्रतिपादन केले. पहिली गोष्ट म्हणजे जागेपणी क्रमाने वाढत जाणारी झोपेची गरज. दुसरी, शरीरातील चोवीस तासांचे घड्याळ. रात्री झोप झाली नाही म्हणून माणूस सकाळी उशिरापर्यंत पडून राहतो किंवा दुपारी झोपतो. त्यामुळे गरज कमी होते, घड्याळ पुढे सरकते, आणि पुढची रात्र अधिकच वाईट जाते. शिवाय जागत पडून राहण्याची सवय जडली, म्हणजे अंथरूण पाहताच मन सावध होऊ लागते.

ही सवय मोडण्यासाठी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये काही साधे नियम मांडले. झोप आली तरच अंथरुणावर जावे. ती लागेना तर उठून अन्यत्र बसावे. पुन्हा डोळे जड झाल्यावर परतावे. मात्र सकाळी रोज एकाच वेळी उठावे. आर्थर स्पीलमन व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये यास दुसऱ्या रीतीची जोड दिली. ती एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एक मनुष्य रात्री १० पासून सकाळी ७ पर्यंत, म्हणजे ९ तास अंथरुणात असतो. पण झोपेच्या नोंदवहीप्रमाणे तो झोपतो ६ तासच. हे प्रमाण शेकडा ६७ इतके पडते. त्यास प्रथम रात्री १२ ते सकाळी ६ एवढाच वेळ नेमून दिला जातो. हे प्रमाण शेकडा ८५ च्या वर गेले, की दर आठवड्यास १५ मिनिटे वाढविली जातात. कोणासही ५ तासांहून कमी वेळ नेमून द्यावयाचा नाही, असा सामान्य प्रघात आहे. या दोन रीती आणि झोपेविषयीच्या चिंतातुर विचारांची दुरुस्ती मिळून जो उपचार होतो, तो दीर्घकालीन निद्रानाशावर औषधांच्या आधी द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये केली.

उपचारक कोठून आणावेत?

रोगी असंख्य व निद्रातज्ज्ञ थोडे, ही यातील मुख्य अडचण होय. तज्ज्ञावाचून हा उपचार करता येईल काय? स्कॉटलंडमध्ये कॉलिन एस्पी यांनी तो आरोग्य-परिचारिकांस शिकविला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १३९ रुग्ण होते, आणि त्यांची झोप सुधारल्याचे दिसून आले. इंग्लंडमधील परिचारिकांनी ६४२ व्यक्तींवर केलेल्या अशाच प्रयोगाचा अनुकूल निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

तथापि हे सामान्य दवाखान्यांतील रुग्ण होते. तीव्र मनोविकार असलेल्यांसाठी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे ॲलिसन हार्वी यांनी निराळी उपचारपद्धती तयार केली. निद्रानाश, अतिनिद्रा, झोपेच्या वेळांची उलथापालथ अशा निरनिराळ्या तक्रारींचा विचार तीत एकत्र केला आहे. पुढे अनेक परगण्यांच्या सार्वजनिक मानसोपचार केंद्रांतील कर्मचाऱ्यांस ती शिकविण्यात आली. मूळ पद्धतीत ५० मिनिटांच्या ८ बैठका होत्या. केंद्रांतील कामाचा भार लक्षात घेऊन २० मिनिटांच्या ४ बैठकांची आटोपशीर पद्धतही सिद्ध करण्यात आली. त्याचबरोबर स्थानिक कर्मचाऱ्यांतूनच शिक्षक तयार करण्याची योजना आखण्यात आली, म्हणजे विद्यापीठाची माणसे परतल्यावर काम बंद पडू नये.

शिक्षणाची रीत

नियम पाठ करण्यास एक दिवस पुरेल. ते पाळून घेणे कठीण. थकलेला रुग्ण दुपारी थोडे झोपू देण्याची विनवणी करतो. दयाळू कर्मचारी होकार देतो, आणि दयेपोटीच उपचार फसतो. म्हणून व्याख्यानानंतर प्रत्यक्ष रुग्णांवरील कामाची देखरेख आवश्यक ठरते. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने आपल्या मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका इत्यादींसाठी तीन दिवसांचा वर्ग घेतला, आणि नंतर चार महिने दर आठवड्यास दूरध्वनीवरून तज्ज्ञांशी सल्लामसलत ठेवली. शिकाऊ उपचारकांच्या बैठकींचे ध्वनिमुद्रण ऐकून त्यांतील उणिवा दाखविण्यात येत.

उपचार कोठे थांबवावा, हेही तितक्याच काळजीने शिकविले पाहिजे. उन्माद व नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या रुग्णाची झोप तोडल्यास उन्माद उसळण्याची भीती असते. अपस्मारात झटके येऊ शकतात. मोटार किंवा यंत्र चालविणाऱ्यास पहिल्या काही आठवड्यांतील पेंग घातक ठरू शकते. मोठ्याने घोरताना ज्याचा श्वास अडतो, त्यास प्रथम वैद्याकडे पाठवावयाचे असते. चालू औषधे वैद्यास विचारल्यावाचून बंद करावयाची नसतात.

भारतातील अनुभव

भारतात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमास १९९६ मध्ये प्रारंभ झाला. त्यापूर्वी कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात आरोग्यकेंद्रांतील वैद्य व कर्मचारी यांस मनोविकारांचे प्राथमिक शिक्षण देण्याचा प्रयोग झाला होता. गोव्यात मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु खास शिकविलेल्या समुपदेशकांनी नैराश्य व चिंता यांच्या उपचारात भाग घेतला, आणि सरकारी आरोग्यकेंद्रांतील रुग्णांस त्याचा लाभ झाल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. हा प्रयोग निद्रोपचाराचा नव्हता. परंतु योग्य शिक्षण, नित्य देखरेख आणि मर्यादांची जाण असल्यास सामान्य कर्मचारी हे काम करू शकतात, हे त्यावरून कळते. निद्रोपचारास लागणारी साधने थोडी आहेत: एक नोंदवही, एक घड्याळ आणि दर आठवड्यास विचारपूस करणारे शिक्षित माणूस. यांतील तिसरे मिळविणे हेच खरे काम होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एक मनुष्य ८ तास अंथरुणात राहून ७ तास झोपतो. प्रमाण किती? त्याची वेळ वाढवावी काय?

२. व्याख्यानानंतर देखरेख का आवश्यक आहे?