बर्फात नाळ सोडा, सोंड धरा

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईचे ग्रुप केदारकंठा, ब्रह्मताल, क्वारी पासकडे निघतात. पाय सह्याद्रीत तयार झालेले असतात, पण तिथली एक सवय बर्फात अंगाशी येते. कडा आडवा आला की आपण नाळ शोधतो. हिमालयात हिवाळ्यात वरचा सुटलेला बर्फ त्या नाळेतूनच खाली येतो आणि तळाशी खोल साचतो. तिथे छोटं हिमस्खलनही माणसाला गाडू शकतं. त्यामुळे चालायचं ते दाट झाडीतून किंवा रुंद सोंडेवरून. धारेवर आलात तर वाऱ्याने पुढे काढलेल्या बर्फाच्या कडेपासून चांगलं आत राहा. वरून ती जमिनीसारखीच दिसते, खाली मात्र पोकळी असते.

बहुतेक मोठी स्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. नजरेचा अंदाज इथे हमखास चुकतो. मोबाइलवर कोन मोजायचं अ‍ॅप घ्या, ट्रेकिंग पोल उताराच्या दिशेने बर्फावर आडवा ठेवा, त्यावर फोनची कड टेकवा. अर्थात मोजायला संशयाच्या उतारावर जायचं नाही, शेजारचा तसाच छोटा उतार बघायचा. आणि मान वर करा! तुम्ही सपाटीवर असलात तरी डोक्यावरचा उतार सुटला की तुमच्यापर्यंत पोचतो. तंबूची जागा ठरवतानाही हेच.

थंड, कोरड्या दिवसांत तळाचा बर्फ साखरेसारखा सुटा होतो. त्यावर वारा नव्या बर्फाची घट्ट लादी बसवतो. माणसाच्या वजनाने तळ खचला की लादी अख्खी निसटते. जीव घेणारी बहुतेक स्खलनं अडकलेल्यांनी किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सुरू केलेली असतात. पायाखाली ‘धप्प’ आवाज आला, बर्फात भेग पळत गेली किंवा समोर ताजं स्खलन दिसलं, की आल्या पावली परत. मोठ्या हिमवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस तर चढे उतार टाळाच. नेमकं तेव्हाच आकाश निळंशार असतं आणि सगळ्यांना फोटो हवे असतात.

हा धोका फक्त हिवाळ्याचा नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचं पथक स्खलनात सापडलं. किमान २७ जण गेले. ती तर प्रशिक्षणाची मोहीम होती.

गाडला गेलेला माणूस साधारण पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती झपाट्याने घसरते. बाहेरची मदत तेवढ्यात येत नाही. म्हणून प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा संकेत पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं हवं, आणि ते वापरायचा सराव निघण्याआधी झालेला हवा. धोक्याचा पट्टा टाळताच येत नसेल तर एकेकाने पार करायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची.

बुकिंग करताना आयोजकाला दोन प्रश्न विचारा: डीजीआरई या सरकारी संस्थेचा हिमस्खलन इशारा रोज कोण बघतं, आणि तो वाढला तर पर्यायी वाट कोणती? उत्तर ‘आजवर काही झालं नाही’ असं आलं, तर पैसे भरू नका.